तीन ठिपके

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही. पंचवटीत पूजेच्या सामानाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तुमचा कॉम्प्युटर क्लास होता. वडील झेंडू घेऊन बाजारात बसत आणि मी तुमचा जिना चढायचे. त्या दिवशी तुम्ही सी भाषेत दोन आकड्यांच्या बेरजेचं फंक्शन लिहायला सांगितलंत, मग तीनचं, मग चारचं. एकाच कामाला किती फंक्शनं लिहायची? मी कॉम्प्युटरवरच्या हेल्पमध्ये शोधलं आणि एकच लिहिलं. कंसात शेवटी तीन ठिपके दिले की हवे तेवढे आकडे देता येतात. फक्त किती येणार ते सुरुवातीला सांगायचं. बेरीज बरोबर आली. मी आनंदाने तुम्हाला हाक मारली.

"कोणाचं उतरवलंस?"

"सर, हेल्पमध्ये वाचलं."

"वाक्य अर्धवट राहिलं की ठिपके देतात, बाई. प्रोग्राममध्ये नाही."

मग मला उठवून तुम्ही खुर्चीत बसता, चार आकडे येणार म्हणून सांगता आणि देता तीनच. पडद्यावर भलतीच बेरीज उमटते. "बघा रे, हिचं गणित!" सगळा क्लास हसतो. मी दप्तर उचलून जिना उतरते.

पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाउसला प्रोग्राम लिहिणारं माणूस हवं होतं. तुझं नाव सुचवतो, असं तुम्हीच म्हणाला होतात. सुचवलंत दुसऱ्याचं. वडील म्हणाले, "मास्तरानं दोनाचं सांगितलं तर दोनाचंच करायचं. लय शहाणपण कामाचं नाय." पुढे कितीतरी दिवस मी घरी हार ओवत होते.

नोकरी मिळाली ती उशिरा, सातपूरला. तिथे एकदा सहकाऱ्याच्या प्रोग्राममध्ये तसंच ठिपक्यांचं फंक्शन होतं आणि बेरजा चुकत होत्या. मी शोधलं, तर सांगितलेले आकडे जास्त आणि दिलेले कमी. तुम्ही त्या दिवशी केलं होतंत, अगदी तेच. असलं फंक्शन स्वतः मोजत नाही, आपण सांगू त्यावर विश्वास ठेवतं. हे माहीत असल्याशिवाय कुणाला ते इतकं नेमकं मोडता येणार नाही. म्हणजे तुम्हाला माहीत होतं, सर! ठिपके चालतात हेही, आणि ते कुठे फसतात हेही. शेजारी बसून दोन मिनिटांत समजावता आलं असतं. तुम्ही माझं हसं केलंत. आणि हे मला कळलं तोवर तुम्ही गेला होतात. भांडू कुणाशी?

हे पत्र कुठे पाठवणार? पाठवणार नाहीच. पण एक सांगते. मी काय केलं होतं, ते त्या खोलीत फक्त तुम्हालाच कळलं होतं. बाकीच्यांचं हसणं मी केव्हाच विसरले. मला तुमची शाबासकी हवी होती. अजूनही हवी आहे.