नदीकाठच्या नऊ तख्तांची पुढील व्यवस्था

मी, मुकर्रमा सोबिरोवा, दिवंगत तोलिबजोन यांची पत्नी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार खुजंद, सिरदर्याच्या डाव्या काठालगतचा मोहल्ला, रेशीम कारखान्याच्या विणकाम विभागातून निवृत्त, आज पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तो आणण्याचा प्रयत्न आजवर दोन संचालकांनी, एका सासूने आणि एका दिराने करून पाहिला आहे. पाचवा उमेदवार अजून पुढे आलेला नाही.

माझ्या मांडीचे हाड मोडले होते, डोके नव्हे, हे डॉक्टरांच्या सोबत जोडलेल्या चिठ्ठीवरून स्पष्ट होईल. यापूर्वी मी तीन मृत्युपत्रे केली. तिन्ही रागाच्या भरात केली होती, म्हणून ती रद्द समजावीत. हे चौथेही रागातच लिहिते आहे, परंतु हा राग जुना आणि विचारपूर्वक जोपासलेला आहे, म्हणून तो ग्राह्य धरावा.

नोटरी अब्दुसमद समोर बसला आहे. "मावशी, मृत्युपत्र थोडक्यात असतं," असे तो म्हणाला. मी म्हणाले, "बाळा, या नदीकाठाच्या उद्घाटनाला मला पाच मिनिटं दिली होती आणि मी चाळीस मिनिटं बोलले. फीत धरून उभ्या असलेल्या मुली खाली बसल्या, साहेबांनी कात्री खिशात ठेवली. आज तर वेळही ठरवून दिलेली नाही." त्याने पिशवीतून आणखी कागद काढले.

कलम १. घर. अंगणासह राहते घर माझी मुलगी शहनोझा हिला द्यावे. मुलगा फिरदवस येकातेरिनबुर्गला असतो. तो फोनवर म्हणतो, "आई, घर विक आणि इकडे ये. इथेही नदी आहे." मी विचारले, "तिच्या काठावर कोण बसतं?" तो म्हणाला, "कोणी नाही, थंडी असते." घराचा प्रश्न तिथेच निकालात निघाला. फिरदवसला अंगणातल्या झाडाचे जर्दाळू दरवर्षी वाळवून टपालाने पाठवावेत. शहनोझाने त्यावरून कुरकुर करू नये. तो लहानपणी त्या झाडावर चढायला घाबरत असे, ही गोष्ट त्याच्या बायकोला सांगू नये. मी सांगितलेली आहे.

कलम २. बचत. जी काही आहे ती माझ्या मरणानंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या ओशला, म्हणजे गाजर-मांस-भाताच्या जेवणाला, लावावी. ओश नदीकाठी शिजवावा, संध्याकाळी खावा, आणि बायका-पुरुषांनी एकाच वेळी बसावे. पुरुषांनी पहाटे जेवून हात पुसत निघून जायचे आणि बायकांनी दुपारी कढईच्या तळाशी उरलेला भात खरवडायचा, हे माझ्या मरणात चालणार नाही. आमंत्रणाची यादी करू नये. वाटेने जाईल त्याला बसवावे. माझा दीर गफ्फोरजोन म्हणेल, "लोक काय म्हणतील?" त्याला सांगावे की लोक म्हणतील गाजर कमी पडलं. ओशबद्दल लोक दुसरे काही बोलत नाहीत.

कलम ३. वस्तू. माझा धोटा शहनोझाला. कारखान्याचा हातात धरून बोलायचा भोंगा, जो निवृत्तीच्या दिवशी परत करायचा राहिला आणि पुढे वीस वर्षे राहतच गेला, तो रविवारच्या सायकल शर्यतीसाठी काठावर ठेवावा. शेजारच्या हॉटेलवाल्या निजोमिद्दीनला तो कोणत्याही कारणाने देऊ नये. पुस्तकांचे कपाट पहिल्या तख्ताजवळ उभे करावे आणि त्याला कुलूप लावू नये. पुस्तक चोरीला गेले तर दुःख करू नये. शहरात कोणीतरी अजून वाचते आहे, याचा तो पुरावा समजावा.

कलम ४. आता मुख्य विषय.

आमचा काठ आधी कसा होता हे तरुणांना ठाऊक नाही. रंगखात्याचे पाणी, मोडके काँक्रीट, बोरू आणि कुत्री. मग शासनाने तो नवा केला. फरशी आली, दिवे आले, कठडा आला आणि उन्हात दगडी बाके आली. बाकांची पाठ नदीकडे होती. मी अभियंत्याला विचारले, "बसलेला माणूस पाहणार काय?" तो म्हणाला, "रस्ता." सबंध वर्षभर त्या काठावर लोक झपाझप चालत गेले आणि झपाझप परत आले. मी शहरांविषयी पुष्कळ वाचले आहे, आणि माझे ठाम मत आहे की जिथे माणूस विनाकारण बसू शकत नाही ती जागा शहराची नव्हे, ती वाहतुकीची.

म्हणून २०१२ च्या मे महिन्यात एका रविवारी मी हशर बोलावला. हशरला मोहल्ला येतो, काम फुकट करतो, आणि बोलावणारी जेवू घालते. मी सांगितले की ज्याच्या अंगणात तख्त आहे त्याने ते आजच्या दिवसापुरते चिनारांखाली आणावे, म्हणजे बसायची जागा कशी असते हे साहेबांना दाखवू. घरातले सगळे मांडी घालून बसतील एवढी लाकडी तख्ते लोकांनी खांद्यावरून आणली. नऊ झाली. संध्याकाळी ती परत न्यायची होती. पण हशरला आणलेली वस्तू आधी उचलून न्यायची म्हणजे मोहल्ल्यात तोंड दाखवायला जागा राहत नाही. प्रत्येकजण दुसऱ्याने आधी उचलावे म्हणून थांबला. अकरा वर्षे झाली, अजून थांबलेले आहेत. मी ही चूक सुधारली नाही, कारण ती या शहराने केलेली सर्वात चांगली चूक आहे.

सातवे तख्त गफ्फोरजोनचे. तो त्या दिवशी हमामला गेला होता. त्याची बायको बशोरत हिने ते चार जणांच्या खांद्यावर देऊन पाठवले. तो घरी आला तेव्हा अंगणात पायांच्या जागी चार फिकट चौकोन होते. तो तडक काठावर आला आणि त्याने मला, म्हणजे वहिनीला, यंगा म्हणून हाक मारली.

"यंगा, ते तख्त आमच्या तख्तासारखं दिसतंय."

"दिसेलच. तुझंच आहे. परत हवंय का?"

चाळीस माणसांचे हात थांबले. गफ्फोरजोनने सगळ्यांकडे पाहिले.

"मी फक्त विचारलं," तो म्हणाला, आणि त्यावर बसला.

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी स्वतःच्या तख्तावर नजर ठेवायला येतो. त्याचा आक्षेप असा की चहाची बैठक पुरुषांची असते, तिथे बायकांचे काय काम. हे तो तोंडाने एकदाच म्हणाला. मी उत्तर दिले. त्यानंतर तो तोंडाने काही म्हणत नाही, किटलीने म्हणतो. मानाच्या माणसाला आपण पियाला अर्धाच भरून देतो, म्हणजे थांबा, पुन्हा ओततो. काठोकाठ भरला म्हणजे प्या आणि निघा. गफ्फोरजोन मला रोज काठोकाठ भरून देत आला. मी तो पिऊन रिकामा पियाला पुढे करत आले.

"झाला का चहा, यंगा?"

"झाला."

"मग?"

"मग दुसरा."

हळूहळू मोहल्ल्यातल्या बायकांत बातमी पसरली की सातव्या तख्तावर चहा भरपूर मिळतो. पहिल्याच उन्हाळ्यात तिथे इतक्या बायका बसू लागल्या की तख्ताच्या मालकाला कडेला एक पाय खाली सोडून बसावे लागले. आता काठावर बुद्धिबळ चालते, तान्ही बाळे झोपतात, दोन लग्ने जुळली आणि एक मोडले. हे सगळे त्याच्या विरोधातून घडले.

कलम ५. शेजारचा निजोमिद्दीन. याचे तळलेल्या माशांचे हॉटेल आहे. मासे चांगले असतात हे मी शपथेवर मान्य करते. माझे भांडण माशांशी नाही, कुंपणाशी आहे. त्याने दोन चिनार आत घेतले आहेत आणि उरलेल्या सहांवर त्याचा डोळा आहे. तो म्हणतो, "मावशी, तिथे छान खुर्च्या मांडू, संगीत लावू, कुटुंबं येतील." मी विचारले, "ज्याला मासा परवडत नाही ते कुटुंब?" तो म्हणाला, "ते फिरून जातील." ते फिरून जातील. हे वाक्य मी तीन सभांत त्याच्या नावासह सांगितले आहे, आता कायदेशीर कागदावरही घालते.

नगरकचेरीचा परवाना माझ्या नावावर आहे. त्यातली अट अशी: चिनारांखालची जागा सर्वांसाठी मोफत खुली राहील, जोवर लेखी नेमलेला राखणदार रोज हजर असेल. राखणदार नसला तर जागेचा लिलाव होईल. लिलावात बोली कोण लावेल हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून मी मेल्यावर राखणदार कोण, एवढाच या कागदाचा खरा प्रश्न आहे. घर आणि जर्दाळू हे कागद भरण्यासाठी होते.

कलम ६. शहनोझा परिचारिका आहे, तिची कामाची पाळी दर आठवड्याला बदलते, ती रोज येऊ शकत नाही. माझ्या बाजूचे इतर सगळे लोक माझी भाषणे ऐकायला आले, टाळ्या वाजवल्या आणि पाऊस आला की घरी गेले. हे मी कडवटपणे लिहीत नाही, मोजून पाहिले म्हणून लिहिते. पावसात, उन्हात, तोलिबजोनच्या अंत्ययात्रेच्या दुसऱ्या दिवशीही रोज आला असा एकच माणूस आहे. तो मला हुसकायला येत होता.

या एप्रिलमध्ये मांडीचे हाड मोडून मी चाळीस दिवस इस्पितळात होते. तिथे पडून मी जागेचा विचार सोडून दिला होता. मग शहनोझा आली.

"आई, निजोमिद्दीनने माप घ्यायला माणसं आणली होती."

"घेतलं माप?"

"गफ्फोर काका सातव्या तख्तावर आडवे झाले. म्हणाले, मी झोपलोय, उठवायचं असेल तर आधी माझ्या बायकोला विचारा. बशोरत काकू मागेच उभ्या होत्या, पीठ लाटायचं लांब लाटणं घेऊन."

"मग?"

"दोन दिवस झोपले होते, आई. मधे जेवायला उठायचे. आणि अजून एक सांगू? बायकांना अर्धाच पियाला भरून देत होते."

यावर माझा विश्वास बसला नाही. कुबड्या घेऊन पहिल्यांदा काठावर गेले तेव्हा त्याला सरळ विचारले. तो किटलीत पाहत म्हणाला, "चहा कमी होता."

तेव्हा मी लिहिते की माझ्या पश्चात नऊ तख्तांचा राखणदार म्हणून मी गफ्फोरजोन सोबिरोव याला नेमते. माझी निळी किटलीही त्याला देणार होते, पण अब्दुसमद म्हणाला की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. मला किटलीपेक्षा त्याची सही जास्त हवी आहे, म्हणून किटली बशोरतला.

"काम देता येतं का?" मी विचारले.

"कसलं काम?"

"पगार नाही, हक्क नाही. रोज येऊन बसायचं आणि कोणालाही उठवायचं नाही."

अब्दुसमदने कायद्याचे पुस्तक दोनदा पाहिले. "काम ही मालमत्ता नाही, मावशी. देता येईल. पण ते नाही म्हणू शकतात."

कलम ७. त्याला नाही म्हणता यावे म्हणून हे कलम. आजवर तो आला तो शरमेने बांधलेला होता. मी पन्नास वर्षे व्यासपीठांवरून स्वातंत्र्याची भाषा केली आणि अकरा वर्षे एका माणसाला त्याच्याच तख्ताने बांधून ठेवले. बांधलेला माणूस राखणदार नसतो, कैदी असतो. सबब मी जाहीर करते की सातवे तख्त गफ्फोरजोनच्या मालकीचे असून ते त्याने केव्हाही, दिवसाढवळ्या, घरी न्यावे. मोहल्ल्यात कोणी हसू नये. शरमेचा भाग मी माझ्याकडे घेते. मला यापुढे तोंड दाखवायचे नाही.

त्याने तख्त नेले तर त्याचा नकार समजावा. मग राखणदार म्हणून शहनोझाचे नाव लागेल, ती रोज येऊ शकणार नाही, आणि पहिल्या हिवाळ्यातच चिनार कुंपणाआड जातील. हे मला ठाऊक आहे आणि ठाऊक असूनही मी हे कलम ठेवते. नदी कोणाच्या जेवणाच्या खोलीची शोभा नव्हे, असे मी आयुष्यभर ओरडून सांगितले. ती कोणावर लादलेली शिक्षाही होता कामा नये.

कलम ८. निजोमिद्दीनला माझ्याकडून काही नाही. ओशला मात्र बोलवावे. मोफत कसे जेवतात हे त्याने एकदा पाहावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. भोंग्याची गरज पडली नाही. शेजारच्या तख्तावरचे बुद्धिबळ थांबले होते, यास माझा इलाज नव्हता.

सही: मुकर्रमा सोबिरोवा

साक्षीदार पहिली: लोला मिर्झोएवा, भूगोल शिक्षिका, तिसऱ्या तख्तावरची. मजकूर ऐकला. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरा: गफ्फोरजोन सोबिरोव. सही माझ्यासमोर झाली. नोंद: लाटण्याची गोष्ट वाढवून सांगितली आहे. दुसरी नोंद: सातवे तख्त घरी नेणे शक्य नाही. आमचा दरवाजा नवा केला, तो अरुंद झाला, त्यातून तख्त आत जात नाही. म्हणून ते इथेच राहील आणि मला रोज यावे लागेल.

लिहून देणारीची पुरवणी: तो दरवाजा मी आज इथे येताना पाहिला. तोच जुना आहे, आणि होता तेवढाच रुंद आहे. ही ओळ मृत्युपत्रात बसत नाही असे नोटरीचे म्हणणे आहे. बसवावी.

स्थळ: सातवे तख्त, चिनारांखाली, खुजंद
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२३