माहेरच्या रताळ्याचे स्वयंवर

दि. १२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि. गुडघे संपावर गेल्याने साष्टांगातील दोन अंगे वजा धरावीत.

तुझ्या कनिष्ठ बंधूने वीस वर्षांच्या तपश्चर्येने सिद्ध केलेले संकरित रताळे सध्या कुजत आहे. त्याच्या सोनेरी गराची स्तुती मी प्रत्येक पत्रात केली आणि तू प्रत्येक उत्तरात ती गाळलीस, तेच हे. वेल बुंध्याशी काळी पडते आणि मान टाकते. रताळ्याची लागवड वेलीचे तुकडे रोवून होते. म्हणजे शेतातल्या हजार वेली तत्त्वतः एकच वेल. एकीला शिंक आली की अखिल कुळाला सर्दी.

साहेबांनी निर्वाणीचे सांगितले आहे की, मार्चपर्यंत नव्या संकराचे बी दिसले नाही तर संशोधन केंद्रातला माझा वाफा मक्याला जाईल. मक्याबद्दल माझे मत तू जाणतेस. तेव्हा माझ्या नाजूक वराला परक्या रक्ताची, चिवट वधू हवी. आईची तांबड्या सालीची वेल आठवते ना? गुडघाभर पाण्यातही ती कधी कुजली नाही, आणि तिची रताळी खाल्ल्यावर आपण तासभर दातांतले दोरे काढत बसायचो. तिचे तुकडे त्वरित पाठव.

भावोजींना नमस्कार. टोमण्यांचा पुरवठा पूर्ववत चालू ठेवावा, ही विनंती.
तुझा,
पंडित

दि. २२ ऑगस्ट

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद, त्यातले दोन वजा.

वेलीचे तुकडे ओल्या फडक्यात गुंडाळून बसच्या ड्रायव्हरकडे दिले आहेत. आत काय आहे, असे त्याने विचारले. माझ्या भावाची नोकरी आहे म्हटल्यावर त्याने गाठोडे टपावर न टाकता स्वतःच्या सीटशेजारी ठेवले.

इकडे सर्व ठीक. ह्यांनी परसात बांधलेली टाकी गळते, पण गळते असे म्हणायची सोय नाही. भिंतीपलीकडे वन्संही खुशाल असाव्यात. खोकला ऐकू येतो. नणंद-भावजयीचे बोलणे सहा वर्षे बंद आहे, ते तसेच.

गुडघ्यांना तेल लाव. जिभेला नको, ती पुरेशी चालते.
तुझी,
ताई

दि. २० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रताळ्याचे फूल पहाटे उमलते आणि ऊन चढायच्या आत मिटते. म्हणून आदल्या संध्याकाळी कळीला दोरा बांधायचा, म्हणजे मधमाश्यांनी आगाऊपणा करू नये. आणि सकाळी चिमट्याने पराग नेऊन विधी उरकायचा. हे पौरोहित्य मी महिनाभर केले. एकाही फुलाने बी धरले नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येक फूल माझ्या पायाशी गळून पडलेले.

रताळे स्वतःचे पराग स्वीकारत नाही, ही त्याची विवाहविषयक सनातन भूमिका. मला शंका आली म्हणून पाने प्रयोगशाळेत दिली. तू पाठवलेली वेल आईची नव्हे, ताई. तीन वर्षांपूर्वी मी तुला भेट दिलेली माझीच संकरित वेल आहे ती. नवरदेवाचे लग्न मी त्याच्याच आरशातल्या प्रतिमेशी लावत होतो.

मग आईची वेल कुठे आहे? साहेब काल वाफ्यात येऊन टेप टाकून गेले. ह्या एका प्रश्नापुरता विनोद बाजूला ठेवतो.
तुझा,
पंडित

दि. ४ डिसेंबर

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद, ह्या वेळी पूर्ण.

दोन्ही वाफे शेजारी होते आणि पाने सारखी. टाकीचा खड्डा खणताना आईचा वाफा गेला असणार, आणि उरलेला मी तिचाच समजले. रताळी अचानक गोड लागू लागली तेव्हाच ओळखायला हवे होते. मला वाटले, माझा हात सुधारला.

ज्यांच्या ज्यांच्याकडे आईची वेल गेली होती, त्या सर्वांकडे जाऊन आले. शिंपीणबाईंची बकरीने खाल्ली. शाळेतल्या बाईंनी तिथे गुलाब लावले. राहिल्या वन्सं. माहेरची वेल आणि माहेरची जीभ, दोन्ही फार पसरतात, असे त्या सहा वर्षांपूर्वी चार माणसांत म्हणाल्या होत्या. आईला जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता.

तीन दिवस मी टोपली घेऊन फाटकापर्यंत गेले आणि परत आले. चौथ्या दिवशी वन्संनीच दार उघडले. रिकाम्या टोपलीकडे पाहून म्हणाल्या की, वेल पसरली आहे, जीभ मात्र आखडलेली दिसते. मग विळा घेऊन त्यांनी अर्धा वाफा कापून दिला. दर वर्षी नव्याने लावत होत्या म्हणे, कारण आईने ती स्वतःच्या हाताने त्यांच्या ओंजळीत दिली होती. मला हे ठाऊक नव्हते. चहात साखर घालायला विसरल्या. मी तसाच प्याले.

तुकडे सोबत. ड्रायव्हर तोच.
तुझी,
ताई

दि. १२ मार्च

ती. ताईस व ताईच्या ती. वन्संस,
दोघींस सा. न. वि. वि. आनंदाच्या भरात आठही अंगे टेकली. उठवायला दोन माणसे लागली.

आईची वेल फुलायचा कंटाळा करीत होती. तिला एका फुलवेलीच्या बुंध्यावर कलम करून भुलवली, आणि जानेवारीअखेर तिने वराकडे पाहिले. आज माझ्या तळहातावर मूठभर काळे बी आहे. कवच असे कठीण की कानस मारल्याविना रुजत नाही. कोणावर गेले, ते मी लिहिणार नाही. प्रत्येक बी स्वतंत्र प्रकृतीचे: एक गोड निघेल, एक चिवट, आणि देवाच्या मनात असेल तर एखादे दोन्ही. साहेबांनी भिंगातून बराच वेळ पाहिले. मक्याचा उच्चार झाला नाही.

कार्यालयात त्यास क्रमांक मिळेल. घरगुती नाव 'नणंद-भावजय' ठेवावे, असा माझा नम्र प्रस्ताव आहे. उभयतांचा लोभ ह्या वाफ्यावर राहावा.
आपला,
पंडित

दि. २० मार्च

चि. पंडितास,
आम्हां दोघींचे अनेक आशीर्वाद.

नावावरून कालपासून वाद चालू आहे. 'भावजय-नणंद' का नाही, असे माझे म्हणणे. वन्सं शेजारी बसून सांगत आहेत की, नाव काय हवे ते ठेवा, पण नव्यातली पहिली वेल त्यांच्याकडे यावी; तुमच्या ताईकडे ठेवलेली वस्तू टिकत नाही. हे असेच्या असे लिहा म्हणाल्या. लिहिले, कारण खरे आहे.

तरी एक त्यांच्याकडे पाठव, एक माझ्याकडे. एकीची गेली तर दुसरीकडे मागायला जाता येईल. फाटकाची कडी काढून ठेवली आहे.

तुझी,
ताई