मुंगीचे चार महिने

३ मार्च, दुपारी
ही डायरी विमावाल्याने दिली. त्याची पँट दोनदा कमरेत सैल करून दिली, पैसे घेतले नाहीत, तर म्हणाला, आजी, घ्या, हिशेब लिहा. हिशेब माझे तोंडपाठ असतात. म्हणून यात बाकीचं लिहीन. शाळा तिसरीपर्यंतच झाली, जोडाक्षरं लंगडतील. लंगडू देत. वाचणारी मीच.

मोठी बातमी. नात परदेशात शिकायला जाणार! आम्ही तिला मुंगी म्हणतो, कारण लहानपणापासून सारखी काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असते. कॉलेजात कापडाचं शास्त्र शिकते. त्यातलं एक सेमिस्टर तिकडच्या कॉलेजात करायचं. सेमिस्टर म्हणजे चार महिने. ऑगस्टात जायचं, डिसेंबरात परत. मी चाळीस वर्षं जिन्याखाली टेबल टाकून लोकांचे कपडे आल्टर करते, आणि माझी नात विमानात बसून कापड शिकायला चालली. आनंदाच्या भरात एका गिऱ्हाइकाची डावी बाही उजवीकडे लावली.

ठरवलं: सगळं पक्कं होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही.

४ मार्च
कुलूपवाल्याला सांगितलं. तो समोरच बसतो, किल्ल्या घासत. त्याला न सांगून कसं चालेल? तिथे दोन माणसं उभी होती, त्यांनी ऐकलं, तो माझा दोष नाही. नंतर लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना सांगितलं. लिफ्ट अडकली होती, काहीतरी बोलायला हवंच होतं.

१९ मार्च
पैशाचं ठरलं. मी ठरवलं. मुलगा म्हणत होता, बघू, अर्धं लोन काढू, अर्धं असं करू, तसं करू. मी म्हटलं, माझी एफडी आहे ना. ती गाळ्यासाठी ठेवली होती. शटरवाला गाळा आणि कापडाच्या कडा बांधणारं एक ओव्हरलॉक मशीन. पण गाळा डिसेंबरात घेता येईल. उलट तेच बरं. मुंगी शिकून आली की दोघींचं दुकान. डोकं तिचं, हात माझा. पाटीचा रंगसुद्धा ठरवला, निळा.

हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. मुलगा जमिनीकडे बघत बसला. भारावला असणार. सून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. बराच वेळ पाणी वाहत होतं. सिंकमध्ये भांडं एकही नव्हतं, मी नंतर पाहिलं. मुंगीने मला मिठी मारली, इतकी घट्ट की माझ्या पदराला खोचलेल्या टाचण्या दोघींना टोचल्या. सोडेचना. म्हटलं, अगं, रक्त येईल.

११ एप्रिल
मुंगीबरोबर कन्सल्टन्सीत गेले. गार ऑफिस, काचेच्या पेटीत मासे. तिथली बाई फार गोड बोलते, पण बोलते माझ्या खांद्यावरून. म्हणाली, खात्यात तीन वर्षांचा खर्च दाखवावा लागेल. मी म्हटलं, ताई, चार महिने. तिने मुंगीकडे पाहिलं. मुंगीने माशांकडे पाहिलं. मग बाई म्हणाली, तिकडचे नियम असतात, आजी. बरोबर आहे. तिकडचे लोक जपून असणार. मीसुद्धा अनोळखी माणसाची पँट ॲडव्हान्स घेतल्याशिवाय कापत नाही.

अकरा ठिकाणी सह्या केल्या. पहिल्या नऊ वळणदार आल्या. काय लिहिलंय विचारलं तर फॉर्मॅलिटी म्हणाली. हा शब्द मी घरी येऊन चारदा वापरला.

ठरवलं: रोज पाच इंग्रजी शब्द पाठ. मुंगी आली की तिच्याशी तसंच बोलेन.

६ मे
मुंगीने सगळे दात करून घेतले. एक काढला, तीन भरले. चार महिन्यांसाठी तोंडात एवढं बांधकाम कशाला, मी विचारलं. म्हणाली, तिकडे दात महाग असतात. दातांचा डॉक्टर म्हणाला म्हणे, आता पाच वर्षं बघायला नको. पोरगी किती दूरचा विचार करते!

इंग्रजी शब्द उद्यापासून. लग्नसराईची उसवाउसवी चालू आहे.

१४ जून, सकाळी
तिकीट काढलं. हे माझ्याशिवाय झालंच नसतं. मुलाच्या कार्डाची मर्यादा संपलेली, म्हणून माझ्या खात्यातून. माझ्या फोनवर सहा आकडे आले, ते मी चष्मा न लावता एका दमात वाचले. कुणी कौतुक केलं नाही.

मुंगी म्हणत होती, आजी, आत्ता जातानाचंच काढू, येतानाचं नंतर बघू. मी म्हटलं, अजिबात नाही. जाणं-येणं एकदम घेतलं की स्वस्त पडतं, हे रिक्षावाल्यालासुद्धा कळतं. मुलगा म्हणाला, आई सांगतेय तसं कर. असं म्हणून गॅलरीत गेला. २२ डिसेंबरचं येणं. कॅलेंडरवर खडूने गोल केला. कपड्यावरचा खडू कागदावर नीट उठत नाही, पण मला दिसतो.

२ जुलै
मुंगीच्या कोटाला जाड अस्तर लावतेय. कापायच्या आधी ती म्हणाली, आत दोन बोटं जास्त कापड सोड, पुढे उसवून सैल करता यावा. मी हसून हसून बेजार. एवढं कापड आपण वाढत्या पोरांच्या गणवेशात सोडतो, म्हटलं, चार महिन्यांत किती फुगणार आहेस तू? तीही हसली. मग डोळे पुसायला लागली. इतकं हसलो आम्ही.

सोडलं दोन बोटं कापड. गिऱ्हाईक म्हणेल ते.

कुलूपवाल्याने कोट हातात घेऊन पाहिला. शिवण उलटी करून पाहिली. त्याला काय कळतं शिवणातलं. म्हणाला, आजी, नात नक्की किती दिवस चालली? म्हटलं, तुम्ही आपल्या किल्ल्या घासा.

२० जुलै
मुंगीने सायकल खालच्या मजल्यावरच्या मुलीला दिली. पुस्तकं लायब्ररीत. टेबल विकलं. तिच्या खोलीत आता बोललं की आवाज घुमतो. मी म्हटलं, अगं, आल्यावर कशावर अभ्यास करशील? म्हणाली, पसारा कमी केला, आजी. बाळपणीचा एक फोटोही अल्बममधून काढून घेतला. माझ्या मांडीवरचा. तिकडच्या मैत्रिणींना दाखवणार असेल.

जन्मदाखला वगैरे सगळं असलच नेतेय. झेरॉक्स चालत नाही म्हणे. बघा, जपून लोक!

३ ऑगस्ट
गेली.

मी रडायचं नाही ठरवलं होतं. रडले नाही. एसीमुळे डोळ्यांना पाणी आलं. आत जाताना तीनदा मागे वळली. चौथ्यांदा परत आली आणि तिची घराची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाली, तिकडे हरवायची.

किल्ली कुलूपवाल्याला दाखवली. म्हटलं, बघा, कशी जबाबदार मुलगी. तो म्हणाला, परत येणारा माणूस किल्ली खिशात ठेवतो, आजी. तीस वर्षं हाच धंदा करतोय. त्याच्याशी दोन दिवस बोलायचं नाही ठरवलं.

दुपारी चहा त्याच्याकडचाच घेतला. कप परत द्यायचा म्हणून बोलावं लागलं.

१७ सप्टेंबर
व्हिडिओ कॉल शिकले. अंगठ्याने दाबायचं आणि ओरडायचं. मुंगी बारीक झालीय. मागे कुणाचं तरी किचन दिसत होतं, हॉस्टेल नव्हे. म्हणाली, खोली बदलली, इथे वर्षाचा करार स्वस्त पडतो. मी म्हटलं, हुशार!

बोलता बोलता म्हणाली, आमच्याकडे आता अंधार लवकर पडायला लागलाय. मी म्हटलं, आमच्याकडे म्हणजे? आपल्याकडे तर उजेड आहे. ती गप्प बसली. नेटवर्क असेल.

५ नोव्हेंबर
फोन आता रविवारी. तोही दर रविवारी नाही. परीक्षा जवळ आली. मी तिला ओव्हरलॉक मशीनचा फोटो पाठवला, जुनं आहे पण घरघरत नाही, मालक डिसेंबरपर्यंत थांबायला तयार आहे. तिने हाताचं चित्र पाठवलं, जोडलेले हात. नमस्कार की आभार की काय ते कळलं नाही. मी पण तेच परत पाठवलं.

मुलगा आणि सून हल्ली मी खोलीत आले की बोलणं थांबवतात. मला सरप्राइझ देणार असतील. मुंगी एखादा आठवडा आधीच यायची असेल. मी काही कळल्याचं दाखवत नाही.

इंग्रजी शब्द: आतापर्यंत नऊ. त्यांतला एक फॉर्मॅलिटी.

९ डिसेंबर, दुपारी
फोनवर मेसेज. खात्यात पैसे जमा! बरेच. कुणी पाठवले कळेना. मला वाटलं, मुंगीला स्कॉलरशिप मिळाली आणि तिने आजीचे पैसे फेडायला सुरुवात केली. टेबलावरचं सगळं काम तसंच टाकून उठले. पँट पायपुसण्यावर पडली.

कुलूपवाल्याला वाचायला दिलं. त्याने किल्ली खाली ठेवली, चष्मा पुसला, दोनदा वाचलं. मग म्हणाला, विमान कंपनीकडून आलेत, आजी. तिकीट रद्द केल्याचे. मी विचारलं, कुठलं तिकीट? म्हणाला, बाविसाव्या तारखेचं. आणि स्वतःच्या टपरीतला स्टूल उचलून माझ्यापाशी आणून ठेवला. बसा म्हणाला. मी कशाला बसू? मी बसले नाही.

विमान कंपनीची चूक असणार. त्यांच्याकडे किती तिकिटं. एखादं इकडचं तिकडे होतं. मुंगीला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. तिकडे पहाट असेल.

१० डिसेंबर
मुलाला सांगितलं. बातमी ऐकून तो दचकलासुद्धा नाही. शांत स्वभाव, बापावर गेला. म्हणाला, बदललं असेल तिकीट, परीक्षा पुढे गेली असेल, मी बोलतो तिच्याशी. पैसे किती आले ते त्याने विचारलंच नाही.

म्हणजे तिकीट बदललंय. तारीख तीच असणार. तिला माहीत आहे मी गोल केलाय.

२२ डिसेंबर, संध्याकाळी साडेसात
विमानतळावर गेले होते. दोन बस बदलून. रेलिंगपाशी पुढची जागा मिळाली. शेजारी एक ड्रायव्हर नावाची पाटी धरून उभा होता. कुणाची वाट बघता, आजी? नातीची, म्हटलं, शिकायला गेलीय चार महिने. कुठल्या विमानाने? सांगितलं. तो म्हणाला, ते उतरून दोन तास झाले, माझे साहेबही त्यातलेच, बॅग हरवली म्हणून आत अडकलेत. मग त्याचे साहेब आले, आणि तो गेला. फरशी पुसणारी बाई माझ्या पायांभोवतीने पुसून गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा मी निघाले.

सून दारातच उभी. कुठे होतात, आई? दोरा आणायला गेले होते, म्हटलं. कुठला? काळा. ती म्हणाली, काळ्याची तीन रिळं आहेत घरात.

मग माझ्या शेजारी बसली आणि एका दमात बोलली. मुंगीने अर्ज पहिल्यापासून पूर्ण डिग्रीचाच केला होता. मुलाला माहीत होतं, सुनेलाही. पहिली फी माझी, पुढचं ती तिकडे काम करून भरणार. चार महिने हे फक्त मला सांगायचं ठरलं होतं. मी नको म्हणेन म्हणून नाही, म्हणाली. तुम्ही हो म्हणाला असतात आणि मग जेवला नसतात. कुणी सांगायचं यावरून वर्षभर भांडतोय आम्ही. तिकीट रद्द करताना पैसे तुमच्या खात्यात जातील हे पोरीच्या डोक्यातच आलं नाही. तेव्हापासून रडतेय तिकडे, तुमचा फोन उचलायची हिंमत होत नाहीये तिला.

मी विचारलं, किती वर्षं? सून म्हणाली, तीन. मग म्हणाली, निदान.

मी तिला म्हटलं, मला माहीत होतं.

माहीत नव्हतं.