भंडारा न लागलेला हात

शिनोली, रविवार संध्याकाळ

उद्या मतदान. सरपंचपदाला कमलताई उभ्या आहेत. आज त्यांच्या अंगणात सगळ्यांनी बेल-भंडारा उचलून शपथ घेतली, मत ताईंनाच. मी सोडून सगळ्यांनी.

ताट माझ्यापुढं आलं तेव्हा म्हणालो, "ताई, आमच्यात शपथ घेत नाय. व्हय म्हटलं म्हंजे व्हय."

"मग भाऊ, तुमचं बायबल आणा. त्याच्यावर हात ठेवा."

तेही नको म्हणालो. प्रभूनं शपथच घेऊ नका म्हटलंय, ती कशावर का असेना. मागून कोणीतरी बोललं, "पलीकडच्या पार्टीला गेला राव हा." ताईंनी त्याला गप्प केलं नाही. ताट पुढच्याकडं नेलं.

गावात ख्रिस्ती घर एकच, माझं. एरवी जाणवत नाही. लग्नाला, मयताला मी असतोच. आज परतताना सगळ्यांचे हात पिवळे, माझा तेवढा कोरडा. तो खिशात घातला. का घातला? लाज कसली वाटली?

भंडाऱ्यावर राग नाही, ताईंवर आहे. पाण्याचा टँकर गावात येऊ देत नव्हते तेव्हा रस्त्यावर एकटी बसलेली ही बाई. तिलाही माझा नुसता शब्द पुरेना?

दर रविवारी प्रार्थनेत एकच मागतो, या गावाला खरा माणूस दे. ताई तशा आहेत, अजूनही वाटतं. उद्या मत त्यांनाच. पण ज्या गावासाठी इतकी वर्षं हे हात जोडले, त्याला आज ते फक्त कोरडे दिसले.