नाकाखालचा पंखा

सोमवार, १४

आले एकदाची! ताईने बंदरावरच मिठी मारली. भावोजींनी बॅग उचलली आणि आत कपड्यांपेक्षा पाने-पकडीच जास्त म्हणून कुरकुरले. मोटारी दुरुस्त करणाऱ्या बाईच्या बॅगेत दुसरं काय असणार?

त्यांची बोट छान आहे. पांढरी, बुटकी, माणसं पलीकडच्या तीरावर नेणारी. मला झोपायला पुढच्या टोकाची खोपटी दिलीय. गादीखालची फळी उचलली की थेट थ्रस्टरची मोटार. यंत्र सोपं आहे: बोटीच्या नाकाखाली पाण्यात आडवी आरपार नळी, नळीत पंखा, वर मोटार. खटका दाबला की पंखा नाक डावीउजवीकडे ढकलतो, म्हणजे धक्क्याला लागणं सोपं. हा पंखा मात्र मनाला येईल तेव्हा फिरतो. सगळे मिस्त्री हात टेकून गेले. मी अजून टेकलेले नाहीत.

काय तपासलं ते तिथल्या तिथे वहीत लिहायची माझी सवय, एक हात यंत्रावर असला तरी.

मंगळवार, १५

आज पाहिलं. धक्का जवळ आला की ताई दोर घेऊन पुढे उभी राहते. तिने धक्क्यावर पाय टाकला मात्र, पंखा सुरू झाला आणि नाक लांब सरकलं. कशीबशी उडी मारून ती पलीकडे आपटली. गुडघा फुटला. वर हसून म्हणते, रोजचंच आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक दिवस ही पाण्यात जाईल, आणि मी काय बघत बसू?

खटका उघडला तर आत खाऱ्या पाण्याचा गंज. नवा बसवला. चोर सापडला.

बुधवार, १६

तो चोर नव्हताच. खटक्यावरून मोटारीला वीज जोडणारा रिले बदलला, तरी तेच. शेवटी फ्यूज काढून खिशात घातला. ताईने पाय टाकला आणि पंखा फिरला. फ्यूज माझ्या खिशात होता.

भावोजींना विचारलं तर उठूनच गेले. मग ताईने सांगितलं. पूर्वी दोर धरायला एक गडी होता. कुठूनही उडी मारायचा म्हणून सगळे त्याला बोका म्हणायचे. गेल्या हिवाळ्यात पाय घसरून तो बोट आणि धक्का यांच्यामधल्या फटीत पडला. बाहेर ढकला, बाहेर ढकला, असं ओरडत होता म्हणे. भावोजी खटका दाबत राहिले, पण नेमका त्या दिवशी थ्रस्टर बंद. लाटेने बोट धक्क्याला टेकली.

वाईट वाटलं, खरंच. पण स्वतः गेला म्हणून माझ्या ताईला सोबतीला नेणार? ते जमायचं नाही.

शुक्रवार, १८

मोटारच उचलून बाजूला ठेवली. आता खाली पंख्यापर्यंत गेलेला नुसता दांडा. बोट बांधलेली, पाणी शांत. दांडा हाताने थोडा उजवीकडे फिरवला. तो तेवढाच डावीकडे परत आला.

पुन्हा फिरवला. पुन्हा आला. सावकाश, माणसाने फिरवावा तसा.

हात झटकन मागे घेतला. पण मीही काही कमी हट्टी नाही. खाली वाकून त्याला बजावलं, गाठ माझ्याशी आहे.

शनिवार, १९

मोटार नसतानाही पंखा फिरला आणि ताई आज पडली. छातीपर्यंत पाण्यात. भावोजींनी ओढून काढेपर्यंत नाक लांबच थांबलं होतं, मजा बघत असल्यासारखं.

बोट बंद ठेवा म्हटलं, तर पलीकडच्यांनी दवाखान्यात जायचं कसं, म्हणतात. ठीक. उद्या मोठा पाना दांड्यात अडकवून बसते. बघू कोण जिंकतं.

रविवार, २०

पाना लावलाय. गुडघ्यांत आवळलाय, पाय फळीला रेटलेत. वारा बोटीला धक्क्याकडे नेतोय. वर ताईची पावलं, एक पाय लंगडतोय.

दांडा ओढतोय. केवढा जोर — नाही सोडणार. ओढ किती ओढायचं ते —

थांबला! जिंकले! नाक सरळ धक्क्याकडे —

वर काहीतरी आपटलं. ताई ओरडली. आवाज वरून नाही. बाजूने, भिंतीपलीकडून, पाण्याजवळून — फटीत —

भावोजी खटका दाबतायत, टक टक टक. मोटार तर मीच काढून —

दांडा पुन्हा ओढतोय. बाहेर. दर वेळी बाहेरच, धक्क्यापासून लांब. तो तिला पाडत नव्हता. तो बोट लांब ठेवत —

पाना निघत नाही. बोक्या, थांब, जाऊ नकोस, सोडतेय मी, सोडतेय, तू ढकल, बाहेर ढ