बोगद्याचा प्रश्न

बाबा, आज वरोऱ्याहून परत आले ती पार थकून. पाय दुखतात ते दुखतात, पण जीवच कंटाळलाय. तुम्ही असता तर म्हणाला असता, "आधी चहा घे, मंग सांग." चहा झालाय. सांगते.

दवाखान्यातली नोकरी सांभाळून मी एका संशोधनाचं काम करते. ज्यांचं हृदय बंद पडलं आणि डॉक्टरांनी छाती दाबून परत सुरू केलं, अशा माणसांच्या घरी जायचं आणि त्या वेळात काय दिसलं, काय वाटलं ते विचारायचं. प्रश्न परदेशातल्या लोकांनी तयार केलेले आहेत, आम्ही त्यांचं मराठी केलं. उजेड दिसला का, बोगदा दिसला का, भीती वाटली का. पोंभुर्ण्याकडच्या एका म्हातारीला बोगदा म्हणजे काय तेच कळेना. मी हातानं गोल करून दाखवला. ती म्हणाली, "नाई वो बाई. मी तं धानाच्या बांधीत होती. तिथी एकजण म्हणे, तुह्या नंबर नाई अजून, जाय घरी." आता हे कोणत्या रकान्यात लिहू? नागपूरचे साहेब म्हणतात, 'इतर'मध्ये लिहा. आपल्या भागातली अर्धी माणसं 'इतर'मध्येच आहेत.

तुम्हाला हे काम आवडलं नसतं, हे मला माहीत आहे. आजी गेली तेव्हा शेजारच्या काकूंचं ऐकून मी कावळ्यासाठी भाताचा घास ठेवला होता. तुम्ही खाणीतून येता, अंगावर कोळसा तसाच, घास बघता आणि दारातच थांबता. "आपण धम्म घेतला कायले? आत्मा-बित्मा काई नाई. माणूस मेला का संपला. तो भात कुत्र्याले टाक, निदान त्याचं पोट भरन." मी रडले. मग तुम्हीच मला मांडीवर घेऊन जेवू घातलंत, आणि माझ्या फ्रॉकवर तुमच्या हातांचे काळे ठसे उमटले म्हणून आई तुमच्यावर ओरडली.

हे सगळं मला पटलेलं आहे, बाबा. फक्त चंद्रपूरच्या दवाखान्यातली ती दुपार पटत नाही. धुळीनं तुमची छाती भरलेली. हृदय थांबलं, डॉक्टरांनी छाती दाबली, ते परत सुरू झालं. तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे बघता. घशात नळी आहे, तरी ओठ हलवता. मी कान जवळ नेते, पण काहीच कळत नाही. मग पुन्हा थांबलं ते थांबलंच. तुम्ही भ्याला होतात का, एवढंच मला हवं आहे. हे काम मी त्यासाठीच घेतलं, हे साहेबांना माहीत नाही.

आजचा माणूस तुमच्याच खाणीतला, तुमच्याच पाळीतला निघाला. बोगद्याचा प्रश्न ऐकून तो हसायलाच लागला. "बोगदा? बाई, अख्खी जिंदगी बोगद्यातच गेली. दुसरं काय दिसन मले?" माणसं दिसली का, तर म्हणाला, "दिसली ना. आपलेच लोक होते, सेकंड शिफ्टचे." यानंतर 'कोण कोण' एवढंच विचारायचं असतं. समोरच्याच्या तोंडात नाव घालायचं नाही, ही आम्हाला शिकवलेली पहिली गोष्ट. मी तुमचं नाव घेतलं.

"होते ना. भाऊ तं समोरच होते."

"घाबरलेले वाटले का?"

त्यानं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मी कोणाची मुलगी ते त्याला तेव्हा कळलं असावं. "नाई पोरी. काऊन घाबरतीन? मस्त बसून राह्यले होते."

'बाई'ची मी 'पोरी' झाले, तिथंच मला उमजलं. खाणीच्या गेटवर आई मला कडेवर घेऊन उभी राहायची, तेव्हा वर आलेली माणसं काय सांगायची, ते तुम्हाला आठवतं ना? खाली काहीही झालेलं असो, कोण अडकलेलं असो, गेटवरच्या बायकांना सगळे एकच सांगत, "मागंच आहे, येऊन राह्यला." त्यातला एकही वाईट बातमी स्वतः देत नसे. ते काम ऑफिसवाल्यांचं. तुम्हीही किती जणींना तसंच सांगितलं असेल. आज त्यानं मला तेच सांगितलं. निघताना त्याची बायको हळूच म्हणालीही, "त्याइले कोणाले नाराज कराले जमतच नाई, बाई."

मुलाखत मी रद्द केली. कारण म्हणून लिहिलं, प्रश्न चुकीच्या पद्धतीनं विचारला. ते खरंच आहे. साहेब बोलतील, बोलू देत. मला आता कशाचंच फार वाईट वाटत नाही, इतका शीण आलाय. पण एस.टी.त खिडकीशी बसून मी रडले, आणि तुम्हाला माहीत आहे, मी सहसा रडत नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. माणूस मेला की संपला, तर पत्ता कोणाचा घालू?

रद्द झालेल्या माणसाकडे पुन्हा जायचं नसतं. पुढच्या महिन्यात मी त्याच्याकडे जाणार आहे, बाबा. कागद नेणार नाही. तो खोटं बोलला हे मला माहीत आहे, आणि मला ते अजून एकदा ऐकायचं आहे.