क्वार्टरच्या यादीतला बारावा नंबर

आप्पा, तुम्हाला जाऊन तेहतीस वर्षं झाली. मी आता सावेडीत राहते, शाळेची नोकरी संपून बराच काळ लोटला आहे. गुडघे सोडले तर तब्येत ठीक आहे. आज तुम्हाला लिहायला बसले ते छावणीतल्या त्या क्वार्टरबद्दल. तुम्ही होतात तोवर आपण त्यावर एकदाही बोललो नाही. तुम्ही विषय काढला नाहीत, आणि मी काढू दिला नाही.

तुम्ही क्वार्टरच्या ऑफिसात कारकून होतात. लग्न झालेल्या जवानांचे अर्ज तुमच्याकडे यायचे. बायकोचं नाव पलटणीच्या दप्तरात चढलं आहे का, जवानाचं वय बसतं आहे का, हे सगळं बघून तुम्ही यादीत नंबर घालायचात. ह्यांना तुम्ही पहिल्यांदा पाहिलंत तेही त्याच खिडकीतून. एका मित्राचा अर्ज लिहून घेऊन आले होते. घरी येऊन तुम्ही आईला म्हणालात, "मिरजगावचा मुलगा आहे, रणगाड्यावर. इतक्या वर्षांत पहिला अर्ज असा आला की परत द्यावा लागला नाही." तुमच्या तोंडी ही केवढी तारीफ होती ते आम्हा दोघींनाच कळलं. पुढच्या ज्येष्ठात आमचं लग्न झालं. लग्नाचा दाखला दप्तरात गेला, माझं नाव चढलं, आणि तुमच्याच हातानं आमचा अर्ज यादीत लागला. बारावा नंबर. हे बराकीत राहिले आणि मी मिरजगावला सासरी. बराकीत बायकोला जाता येत नव्हतं, आणि बाहेर खोली घेऊन राहायची परवानगी त्यांच्या साहेबांनी दिली नाही.

सत्तरच्या दिवाळीला मी माहेरी आले तो दिवस मला पक्का आठवतो. भिंगारच्या घरातलं स्वयंपाकघर, खिडकीतून आलेलं सकाळचं ऊन, आई चकल्या तळते आहे, तुम्ही पाटावर बसून चहा पिताय. मी ठरवूनच बोलते. "आप्पा, आमचा नंबर थोडा वर घेता येईल का?" तुम्ही कप खाली ठेवता. "किती वर?" तुम्ही विचारता. मला वाटतं जमलं. मी म्हणते, "चार-पाच." तुम्ही सावकाश सांगता, "तुझा नंबर वर घ्यायचा तर कुणाच्या तरी मुलीचा खाली जातो. ती कोण आहे ते मला माहीत असतं. तुला नसतं." आई झारा हातात धरून वळली. "एकच पोर हाय आपली. वरीस झालं न्हाई लग्नाला, आन् ती तिकडं, नवरा हिकडं. तुमी नुसतं बोट हलवलं तरी हुईल." तुम्ही उठलात, कोट चढवलात आणि जाताना मला म्हणालात, "हे पुन्हा घरात विचारायचं नाही. विचारायचं असेल तर खिडकीवर ये, इतर लोक येतात तशी." मी खिडकीवर आले नाही. त्या दिवाळीत तुमच्याशी बोललेही नाही.

अर्ज लागल्यापासून नंबर यायला चौदा महिने गेले. त्या काळात हे दोनदा रजेवर आले, मिळून सव्वा महिना. एकाहत्तरच्या राखीपौर्णिमेच्या सुमारास आमचा नंबर लागला, आणि गणपती बसल्यावर मी छावणीत राहायला आले. दोन खोल्या, सरकारी दोन खाटा, एक टेबल, मागं न्हाणी. शेजारी लंगरात स्वयंपाक करणाऱ्या एका जवानाचं बिऱ्हाड होतं. त्याची बायको साताऱ्याकडची, कडेवर अशक्त मुलगी. पहिल्याच दिवशी तिनं मला भाकरी आणून दिली आणि म्हणाली, "तुमच्या वडलांचे उपकार हायेत. माझा नंबर कुणीतरी मागं सारणार हुतं, त्यांनी सारू दिला न्हाई. हितं आले म्हनून पोरीला मिलिटरीचा डॉक्टर मिळाला." मी भाकरी घेतली. मागं सारणारी मीच ठरले असते, हे तिला ठाऊक नव्हतं.

तिथं आम्ही दोघं सहा आठवडे राहिलो. त्याबद्दल तुम्हाला काही लिहिण्यासारखं नाही, ते आमचं होतं. दिवाळीच्या आधी पलटण सीमेवर गेली. डिसेंबरात लढाई झाली आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी हे गेले. तार पलटणीकडून आली. तुम्हाला ऑफिसात माझ्या आधी कळलं होतं, तरी तुम्ही तार येईपर्यंत आला नाहीत. नंतर आलात तेव्हा दोन तास भिंतीला टेकून बसलात.

जवान गेल्यावर कुटुंबाला क्वार्टर ठेवायची ठराविक मुदत असते. ती उन्हाळ्यात संपली. नोटीस शिपायाकडून येते, माझी तुम्ही स्वतः आणलीत. ऑफिसचे कपडे, हातात फाईल. मी म्हटलं, "आत या." तुम्ही म्हणालात, "ड्युटीवर आहे," आणि दारातच माझी सही घेतलीत. आठ दिवसांनी क्वार्टर परत घ्यायलाही तुम्हीच आलात. खाटा मोजल्यात, नळ सोडून पाहिलात, मागच्या खिडकीची काच तडकली होती ती लिहून घेतलीत. शेजारीण दारात उभी राहून डोळे पुसत होती. ती म्हणाली, "लेकीची काच तरी सोडायची, साहेब." तुम्ही फाईलीत पुढची नोंद केलीत.

त्या दिवसापासून मी लोकांना एकच गोष्ट सांगत आले. सासूला, शाळेतल्या बाईंना, पुढं नणंदेच्या मुलांनासुद्धा. माझ्या वडलांनी चौदा महिने नियमासाठी घेतले आणि मला सहा आठवडे उरले. त्यांनी आयुष्यात एक नियम कधी वाकवला नाही. ऐकणारे हळहळायचे. काही जण तुमचं कौतुक करायचे, मला त्याचाही राग यायचा.

आता जे लिहायला बसले ते. राखीपौर्णिमेला नंबर लागला तेव्हा तुमचं कार्ड दोन दिवसांत मिरजगावला पोचलं होतं. "क्वार्टर मिळाला. ताबडतोब निघ." सासू म्हणाली, "जा बाई, तुझ्या घरी जा, हितलं आमी बघू." मी गेले नाही. खुरपणी आहे असं कळवलं. खुरपणीला माणसं होती. चौदा महिने मला थांबवलं, आता थोडं तुम्ही थांबा, असं मनात होतं, आणि ह्यांनी मला न्यायला यावं असंही होतं. ह्यांना रजा मिळेना. तीन आठवड्यांनी एक दिवसाची सुट्टी काढून आले, रागावले नाहीत. एसटीत म्हणाले, "मी आलो नसतो तर तू आलीच नसतीस, व्हय?" मी हसले होते.

क्वार्टर मिळाल्यावर पंधरा दिवसांत कुटुंब आलं नाही तर तो पुढच्या नंबरला जातो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. काच लिहून झाल्यावर तुम्ही सहीसाठी कागद पुढं केलात, त्यावर वर हा नियम छापलेला होता. त्याखाली कुटुंब राहायला आल्याची तारीख, तुमच्या अक्षरात. ती खरी नव्हती. मी मिरजगावातच होते तेव्हाची तारीख होती, मुदतीच्या बरोबर आदल्या दिवसाची.

मी ती वाचली आप्पा. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मी खाली सही केली, कागद परत दिला, आणि मला काही दिसलंच नाही असं वागले. पुढं वीस वर्षं तुम्ही होतात, तेव्हाही. आज हे सगळं लिहून काढलं, पण धाकट्या भाचीनं मघाशी विचारलं, "मामी, काय लिहितेस?" तर मी म्हटलं, किराण्याची यादी.